पुढे लावलेलं घड्याळ

मी महाडला काँप्युटर दुरुस्त करत फिरायचे, तेव्हाची गोष्ट. एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठनी नवा काँप्युटर घेतला, पण त्यांचं जुनं बुकिंगचं सॉफ्टवेअर त्यावर चालेना. मग त्याच्याच पोटात मी जुन्या पद्धतीचं एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आतल्या आत चालणारा दुसरा काँप्युटर, बसवून दिलं. पोलादपूरहून टेम्पो आला की पोचल्याची वेळ त्यात नोंदली जायची.

थोड्याच दिवसांत शेठचा फोन आला. "ड्रायव्हर रोज वीस मिनिटं कुठेतरी टाइमपास करतो. उद्यापासून त्याला कामावर येऊ नको म्हणणार आहे. त्याआधी मशीनमधल्या वेळा बरोबर आहेत ना, तेवढं एकदा बघून जा."

ड्रायव्हर नाते गावचा, पन्नाशीचा. मी गेले तेव्हा शेठच्या दुकानाच्या दाराशीच उभा होता. "ताई, मी वाटंत च्यासुद्धा घेत नाय," एवढंच म्हणाला.

मी आतल्या मशीनचं घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. वीस मिनिटं पुढे होतं. बरोबर करून पाणी प्यायला उठले, येऊन बघते तर पुन्हा पुढे! आतल्या आणि बाहेरच्या मशीनचा मेळ राखणाऱ्या इंटिग्रेशन सर्व्हिसेस बिघडल्या असणार, असं ठरवून मी त्या काढून पुन्हा बसवल्या. तरी तेच. माझं डोकं सटकलं. शेवटी लक्षात आलं, की त्या बिचाऱ्या बाहेरची वेळ इमानेइतबारे आत पोचवत होत्या. बाहेरच्या मशीनचं घड्याळच पुढे होतं, आणि भिंतीवरचंही.

"हे कुणी लावलं?"

"मीच," शेठ कौतुकाने म्हणाले. "आमच्याकडे घड्याळ नेहमी पुढेच. नमाज चुकत नाही, गाड्याही वेळेवर सुटतात."

"आणि पोलादपूरचं ऑफिस निघाल्याची वेळ लिहितं, ती खऱ्या घड्याळाची. वीस मिनिटं वाटेत नाही, इथल्या घड्याळात वाढतात. शेठ, चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय!"

शेठचा चेहरा उतरला. मी मशीनची वेळ नीट लावली. मग उठून त्यांनी टेम्पोची किल्ली ड्रायव्हरपुढे धरली. "चूक माझी झाली."

त्याने किल्ली घेतली. "मशीन बोललं तवा पटलं, शेठ. मी आठवडाभर तेच सांगत व्हतो."

तो आवाज न चढवता बोलला, म्हणूनच मला फार लागलं. शेठ भिंतीकडे वळले. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढून भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि काटे मागे घेतले. ड्रायव्हर तोवर टेम्पोकडे निघून गेला होता.