टाकेबाईचा टाका

तंबू, ताडपत्र्या, पाठपिशव्या, जे काही जाड कापडाचं असेल ते त्या कारखान्यात तिच्याच मशीनखालून जायचं. म्हणून सगळे तिला टाकेबाई म्हणत. तिने घातलेला टाका उसवला असं कुणी म्हणालं असतं, तर ती आठवडाभर जेवली नसती.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर लोकांना वर न्यायची सोय करायची आणि सुट्टी मिळाली की जिथे लिफ्टच नाही अशा डोंगरकड्यांवर स्वतः चढायचं, असा त्याचा उफराटा कारभार. लग्नाआधी तिला त्याचं भारी कौतुक होतं. तेव्हा पोरगी नव्हती आणि मास्तर जिवंत होता.

मास्तर त्याचा जोडीदार. पंधरा वर्षं दोघे एकाच दोरावर चढले. गेल्या वर्षी कड्यावर वरून दगड सुटला आणि मास्तर गेला. महिन्यापूर्वी त्याची बायको त्याचं जाकीट घेऊन कारखान्यात आली. "बाह्या चार बोटं आखूड करून दे. थोरल्याला होईल," म्हणाली. कापलेले ते दोन तुकडे टाकेबाईच्याने टाकवेनात. अजून तिच्या खणात पडून आहेत.

आणि आता नवरा त्याच कड्यावर निघाला होता.

"मास्तरचं अर्धवट राहिलंय," तो म्हणाला.

"त्याच्या बायकोने सांगितलंय का पूर्ण करायला?"

"मी सांभाळून जाईन गं."

"मग मास्तर काय नाचत गेला होता?"

त्यावर त्याने हार्नेस, म्हणजे दोर बांधायचा कमरेचा नि मांड्यांचा पट्टा, तिच्यापुढे ठेवला. मांडीपाशी शिवण सुटत आली होती.

"मी हात लावणार नाही," ती म्हणाली. लग्नापासून त्याने दुसऱ्या कुणाचा टाका अंगाला लावून घेतला नव्हता. टाका नाही तर चढणंही नाही, असं तिने मनाशी पक्कं धरलं आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तिला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली, तर नवरा जेवणाच्या टेबलाशी सुई घेऊन बसलेला. पोरगी दोऱ्याचं रीळ धरून होती. एक टाका इकडे, एक तिकडे.

"हे घालून जाणार?"

"तू नाही म्हणालीस ना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. भांडून, रडून, अबोला धरून तिचं आधीच झालं होतं. पट्टा कापला असता तर त्याने कुणाचा तरी मागून आणला असता.

तिने ते टाके एकेक करून उसवले. कारखान्याची किल्ली तिच्याकडेच असे. रात्री बंद कारखान्यात जाऊन तिने दुहेरी शिवण घातली, मग तिच्यावर तिसरी. आपल्याच हातांचा तिला संताप येत होता, पण हात चुकत नव्हते. शेवटी पट्टा छताच्या हुकाला अडकवून ती स्वतः त्याला लोंबकळली. टाका तसूभर हलला नाही. दगडांचं मात्र ती काही करू शकत नव्हती.

घरी त्याने जाकीट चढवलं, वरून हार्नेस कसला आणि दोन उड्या मारून पाहिल्या. "आता मला काही होत नाही," तो म्हणाला. पोरीने टाळ्या पिटल्या.

टाकेबाईने पुढे होऊन त्याची चुरगळलेली बाही सरळ केली. पोरगी मोठी झाली की तिच्यासाठी ही बाही किती बोटं आखूड करावी लागेल, हे तिच्या हाताने तिला न विचारता मोजून टाकलं.