सुमीला आम्ही डाकीण केलं

काल दुपारी नंदुरबारला लेकीकडे होते. नात मोबाइलवर गेम खेळत होती... तिच्या जादूगाराने काळा मंत्र टाकला की त्याच्या चांगुलपणाचे पॉइंट्स कमी व्हायचे. "आजी, आता हा वाईटांच्या बाजूला गेला," ती सहज म्हणाली. मला तिथे बसवेना.

आम्हीही असाच खेळ खेळायचो. सन साठ-बासष्टची गोष्ट, गाव प्रकाशा, मी नऊ वर्षांची. एक राणी, दोन शिपाई आणि एक मंतरवाली... नियम माझा होता. जिने मंतर म्हटला ती डाकीण, मग तिला गावाबाहेर काढायचं.

मंतरवाली कायम सुमीच, माझ्या गल्लीतली मैत्रीण. कारण तिची आई खरोखर मंत्र म्हणून विंचू उतरवायची, गावात कुणालाही.

एकदा सुमी अडून बसली. "मन्ही माय मंतर म्हनीसन इचू उतारस. मंग ती वाईट कशी?" राणी मी होते, म्हणून म्हटलं, "मंतर म्हनस ती डाकीणच."

त्याच वर्षी पावसाळ्यात माझ्या काकूचं तान्हं बाळ जुलाबाने गेलं. आदल्या दिवशी काकूनेच सुमीच्या आईला बोलावून पाणी मंतरून घेतलं होतं... दोन दिवसांनी काकूने मला विचारलं, "सुमी तुमना खेळमा काय बनस?"

"डाकीण," मी सांगून टाकलं. काकू तशीच उठून शेजारणीकडे गेली.

मग तो शब्द गल्लीभर झाला. सुमीची आई तापीवर पाण्याला आली की बाकीच्या बायका हंडे उचलून निघून जायच्या. सुमीची शाळा कायमची सुटली. तो फक्त खेळ होता, एवढं एक वाक्य मला मोठ्या माणसांना सांगता आलं असतं... मार बसेल म्हणून नाही सांगितलं.

दिवाळीच्या आधी त्यांनी बैलगाडीत सामान भरलं. मी ओट्यावर उभी होते. सुमी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "तो नियम तुन्हा शे, हाई मी कोनले सांगं नही." नियम माझा होता, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढे मी खूप शोधलं. नवापूर, शहादा, जिथे कुणी ओळखीचं भेटेल तिथे विचारलं. पत्ता लागला नाही. काकू तर मरेपर्यंत सुमीच्या आईला शिव्या देत राहिली आणि मी तिथे बसून ऐकत राहिले.

सुमीचे माझ्यावर उपकार आहेत... लिहून टाकलं की हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत.