पाठीखाली समुद्र

ताईला कमी ऐकू येतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. किती कमी, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते कळू नये याची ताईने फार वर्षं नीट काळजी घेतली होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. उभं आयुष्य तिने मागाच्या शेडमध्ये कापड विणण्यात काढलं. सगळे माग एकदम चालू झाले की तिथे कानाशी येऊन ओरडलं तरी उपयोग नसायचा. म्हणून विणकरांची बोलायची रीत निराळी होती. ओठ मोठे मोठे हलवायचे, आवाज काढायचाच नाही, बाकीचं हातांनी सांगायचं. दोन बोटं कात्रीसारखी हलली की धागा तुटला. गळ्याशी गाठ आवळल्यासारखं केलं की साहेब येतोय. या भाषेत ताईइतकी बडबडी बाई साऱ्या शेडमध्ये नव्हती. मीही तिथेच होतो, पण कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात, काचेच्या भिंतीअलीकडे. त्यामुळे माझे कान वाचले.

"कान वाचवून काय दिवे लावलेस?" ताई म्हणते. "कुणी शिंकलं तरी दचकतोस."

तेही खरंच आहे. लहानपणापासून ती मला भागूबाई म्हणते. आता माझी सत्तरी उलटली तरी भर बाजारात म्हणते, तेही सगळे वळून बघतील एवढ्या मोठ्याने.

मागच्या वर्षी तिच्या सुनेच्या नात्यातल्या एका लग्नाला आम्ही समुद्राकाठी गेलो होतो. बाकीचे फोटो काढत होते. ताई चपला काढून ओल्या वाळूत उभी राहिली आणि जागची हलेचना. मी जवळ गेलो, तर तिचे डोळे मिटलेले.

"शेड चालू आहे रे," ती म्हणाली.

मला काही कळेना. तिने मला चपला काढायला लावल्या. लाट आपटली की वाळू खालून थरथरायची. माग चालू असताना शेडची फरशी अशीच थरथरायची. ताईला ते तळपायांतून थेट पोटापर्यंत ऐकू येत होतं. तिच्या चेहऱ्यावर एवढं सुख तिने काम सोडल्यापासून मी पाहिलं नव्हतं. मी मात्र पुढच्या लाटेकडे बघत होतो. ती आधीच्या लाटेपेक्षा मोठी होती.

घरी आल्यावर तिने जाहीर केलं, की किनाऱ्याकिनाऱ्याने चार-पाच दिवस चालत जायचं, पाठीवर सामान घ्यायचं आणि रात्री तंबूत झोपायचं. तंबूही लाटांजवळ.

"पाठीखाली समुद्र वाजला पाहिजे," ती म्हणाली. मला घाम फुटला तो तेव्हा पहिल्यांदा.

भाच्याने, म्हणजे तिच्या मुलाने, कपाळाला हात लावला. तो औषधांच्या दुकानात असतो, त्याला दिवसभर म्हाताऱ्या माणसांची मोडकी हाडं दिसतात. "आई, वय काय तुझं? आणि एकटी?"

"एकटी कुठे? समुद्र आहे की."

शेवटी तो म्हणाला, "बरं. मामा बरोबर येत असले तर जा." मी जाणार नाही याची खात्री होती म्हणूनच तो तसं म्हणाला. ताईलाही ते कळलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"बघू," मी म्हणालो.

"मामांचं बघू म्हणजे नाही," सूनबाई हसली. "लग्नालासुद्धा बघूच म्हणाले होते, अजून बघतायत."

त्यानंतरचे दिवस मी नीट जेवलोही नाही. ताईने मात्र माझं बघू हे होच धरलं. पुढच्या खोलीत एक जुनी चादर पसरून तिने त्यावर निळ्या दोऱ्याने किनारा मांडला. खाडीच्या तोंडाशी दोरा आत वळवला, टेकडीशी बाहेर काढला. मुक्कामाच्या जागी बटणं ठेवली. एका ठिकाणी डोंगर थेट पाण्यात उतरतो, तिथून फक्त ओहोटीत जाता येतं, भरतीला वाटच राहत नाही. तिथे तिने काळं बटण ठेवलं. पुढे ती चादर आठवडाभर तशीच होती आणि मी चहा प्यायला बसलो की माझी नजर त्या बटणावरच जायची. डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला पाणी. आणि मागून लाट आली तर? ताई पुढे चालत असणार, मी मागून हाक मारणार, ती तिला कशी ऐकू जाणार, हे मी एकदा तिला विचारलंच.

"हाक कशाला मारतोस? खुणा शीक," ताई म्हणाली.

मग ट्यूबलाइटखाली आमची शिकवणी सुरू झाली. तळहात वर उचलत नेला की पाणी चढतंय. मनगट वळवलं की साप. दोन्ही हात पुढे ढकलले की पळ. मी पळच्या जागी साप केलं की ती कपाळ बडवून घ्यायची. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत म्हणायची, "मामा, नाच बसवताय का?" एवढ्या संकटांच्या खुणा शिकल्यावर माझी भीती कमी व्हायला हवी होती. उलट, ज्या संकटांचा मी विचारही केला नव्हता तीसुद्धा आता मला हातवाऱ्यांसकट दिसू लागली.

आधी गच्चीवर एक रात्र तंबूत काढून दाखवा, असं भाचा म्हणाला. त्याला वाटलं, तिथेच हौस फिटेल. मलाही मनातून तीच आशा होती.

गच्चीत खुंटी ठोकता येईना. ताईने तंबूची एक दोरी टाकीशेजारच्या जुन्या अँटेनाच्या लोखंडी खांबाला बांधली. खांब तळाशी गंजून डुगडुगत होता, म्हणून त्याला मागच्या बाजूने दुसऱ्या दोरीने टाकीच्या पाइपाशी ताणायचं ठरलं. ती दोरी तोकडी पडली. ताईने तिला आणखी एक तुकडा जोडला, एका हाताच्या तीन बोटांनी, न बघता. ती विणकराची गाठ, तुटलेला धागा जोडायची, गव्हाच्या दाण्याएवढी. त्या गाठीचा तिला फार गर्व. शेडमध्ये तिची एक गाठ कधी सुटली नव्हती.

पण तिथे दोरा सुताचा असायचा. ही दोरी गुळगुळीत नायलॉनची होती. हा विचार तिला सुचला नाही आणि मलाही नाही.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. उजेड पार गेला आणि वारा सुटला. ताई आत अंथरूण घालत होती. तंबू फडफडतोय म्हणून मी बाहेर आलो. तेव्हा मला ती गाठ दिसली. प्रत्येक झटक्यासरशी तोकड्या दोरीचं टोक गाठीतून थोडं थोडं आत सरकत होतं, आणि खांब तंबूकडे झुकत होता.

"ताई, बाहेर ये!"

आतून काही नाही.

"ताई! खांब! ताई!"

आयुष्यात मी एवढ्या मोठ्याने ओरडलो नव्हतो. खालच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. पलीकडच्या इमारतीतला कुत्रा भुंकायला लागला. तीन हातांवर माझी बहीण होती आणि तिला यातलं काही पोचत नव्हतं. मी दोन्ही हात पुढे ढकलले. पळ. आम्ही शिकलो होतो तसंच, अगदी बरोबर. पण मध्ये कापड होतं, आणि अंधार.

खांब पडला. तंबूचा अर्धा भाग त्याने जमिनीला लावला.

मी रांगत आत शिरलो. हात पुढे केला तो तिच्या दंडाला लागला, आणि ती किंचाळली.

"कोण? कोण आहे?"

तो आवाज माझ्या ताईचा नव्हता. एवढासा, लहान मुलीसारखा. "मी, मी," असं मी म्हणत होतो आणि तिला ते ऐकू जात नव्हतं. मग तिचा हात चाचपडत माझ्या तोंडावर आला. नाक, मिशी. लहानपणी हजारदा पिळलेला कान. शेवटी तिने बोटं माझ्या ओठांवर ठेवली.

"मी आहे," मी म्हणालो. "लागलं का?"

बोटांना कळलं. "नाही रे. शेजारी पडलं, पाठीला धक्का कळला." मग हळूच म्हणाली, "अंधारात ओठ दिसत नाहीत, मग माझा दगड होतो रे. घरी न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून झोपते. विजेच्या बिलावरून सून बडबडत असेल, पाठमोरी असली की कळत नाही."

शेडमध्ये कधी दिवे मालवत नसत. रात्रपाळीलाही भरदुपारचा उजेड असायचा. आमच्या त्या भाषेला अंधार माहीतच नव्हता. आठवडाभर आम्ही सगळी तयारी दिव्याखाली केली होती, आणि जायचं होतं जिथे एकही दिवा नाही तिथे. माझी जी भीती होती त्याहून मोठी भीती ही बाई एकटीने सांभाळत बसली होती. माझं बघू तिने हो धरलं ते सामान उचलायला माणूस हवा म्हणून नव्हे.

तिने पिशवीतून दोऱ्याचं रीळ चाचपून काढलं. एक टोक माझ्या मनगटाला, एक स्वतःच्या. तीच गाठ. "सुतावर सुटत नाही," ती म्हणाली. "नायलॉन बेइमान. एकदा ओढलं तर मी आहे. सारखं ओढलं तर ऊठ."

तेवढ्यात भाचा धापा टाकत वर आला. बॅटरीच्या उजेडात त्याने खांब पाहिला, दबलेला तंबू पाहिला. आम्ही दोघं बाहेर आलो. तो आईकडे पाठ करून माझ्यासमोर उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, खरं सांगा. तुम्ही एवढं ओरडलात. आईला ऐकू आलं नाही ना?"

ताईला त्याचे ओठ दिसत नव्हते. तिला माझा चेहरा दिसत होता. ती त्याच्याकडे असं बघत होती, जसं मी त्या काळ्या बटणाकडे बघत असे.

नाही आलं म्हणालो तर जाणं संपलं. आलं म्हणालो तर धडधडीत खोटं, आणि उद्या त्या कातळाखाली तेच खोटं आमच्याबरोबर चालणार. आणि खरं सांगायचं तर घरी राहायला याहून चांगलं निमित्त मला मिळणार नव्हतं.

"नाही आलं," मी म्हणालो. तिलाही वाचता यावं म्हणून ओठ मोठे हलवले. "तिला काहीच ऐकू येत नाही. बरेच दिवस."

"म्हणजे संपलं. रद्द."

"रद्द कशाला? म्हणून तर मी जातोय. कान मी नेतो."

हे बोलताना माझी बोबडी वळली होती. भाच्याने मला दोनदा बोलायला लावलं तेव्हा त्याला समजलं. तो वाकून पडलेला खांब उचलायला लागला, आणि म्हणाला, "तंबू कोरड्या वाळूत. खूप वर. आणि रोज संध्याकाळी फोन, तोही मामांनी करायचा."

"काय म्हणतो?" ताईने मोठ्याने विचारलं.

मी हाताने वरची वाळू दाखवली. तिने तोंड वाकडं केलं. "तिथून पाठीला काय ऐकू येणार?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "बरं बाई. भरतीच्या खुणेपासून दहा पावलं."

"तीस," मी म्हणालो.

"वीस. भागूबाई!"

परवा निघायचंय. निळा दोरा आणि बटणं गुंडाळून चादर कपाटात गेली, पण काळं बटण मला डोळे मिटले तरी दिसतं. काल दुपारी आम्ही खिडक्या लावून, पडदे ओढून खोलीत अंधार केला आणि दोरा बांधून सराव केला. बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं तिला झोप लागली.

मग मनगटाला हलकासा ओढा बसला. एकदाच. मीही एकदा ओढलं.