दारात थांबलेला कॅप्टन

मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, दिवसभर काम केलं की घरी गेल्यावर धोतराच्या निऱ्यांतून, टोपीतून, कानाच्या पाळीमागून बी निघतं. झटकलं तरी चार राहतातच. पथारीवरच्या गोष्टींचंही तसंच. मी आप्पा, चौथीपर्यंत शिकलेला, बोलायला मंद. पोती शिवताना दाभण चालतं, तोंड चालत नाही. म्हणून कान भरत गेले. त्यातल्या या चार-पाच बिया.

*

आमची पथारी नंदुरबारच्या बाहेर, रनाळ्याच्या रस्त्याला. चाळीस बाया बसून लाल मिरचीचे देठ खुडतात. गेल्या हंगामात माझ्या नातीने, पूनमने, मोबाईलवर एक कादंबरी ऐकायची सोय करून दिली आणि छोटा स्पीकर दिला. आकाशयानाच्या कॅप्टनची गोष्ट. शेवटी यान परत येतच नाही. त्या दिवशी बायांतल्या हिराबाईने दुपारचा चहा घेतला नाही. सुतकच जणू!

यंदा त्याच गोष्टीचा नवा भाग आला. लावला, तर कॅप्टन अठरा वर्षांचा, नदीत पोहतोय!

सखूबाई आमच्या अहिराणीत ओरडली, "अरे, हाऊ ते मरी गयता ना!"

मी सांगितलं, "हे त्याच्या आधीचं आहे."

"मंग आधी काबर नही सांगं?"

मी पोतं शिवायला घेतलं. उत्तर सखूबाईनेच दिलं, "लिखनाराले आठवण उशिरा उनी व्हई!"

*

कॅप्टनला शिकायला एका ग्रहावर नेतात. तिथे सगळीकडे लाल धूळ. श्वास घेता येत नाही, डोळे चुरचुरतात, माणसं तोंड बांधून कामं करतात. वाचणारा भारी आवाजात सांगत होता, आणि इथे चाळीस बाया तोंडाला फडकी बांधून, शिंकत ऐकत होत्या.

सखूबाईने फडकं खाली केलं. "इतलं दूर काबर गयात बिचारा? नंदुरबारले उतरी जाता!"

*

पथारीचे मालक शेठ म्हणाले, गोष्टीपायी कामं मंदावतात, ते स्पीकरचं मशीन बंद. बंद करायला ते स्वतः आले. कॅप्टनची परीक्षा चालू होती. शेठ "जरा थांबा" म्हणून पोत्यावर टेकले. चहा आला, त्यावर साय धरली, तरी शेठ हलेनात. कॅप्टन पास झाला तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली आणि एकदम भानावर येऊन उठले.

जाताना दरडावून म्हणाले, "उद्यापासून मी अकराला येईन. त्याच्या आधी लावाल तर याद राखा!"

*

एकदा माझा अंगठा भलत्या बटणावर पडला आणि कॅप्टन दीडपट वेगाने बोलायला लागला. बाया म्हणाल्या, घाबरला असेल. पूनमला फोन केला तेव्हा कळलं, वेग वाढवायची सोयच असते त्यात.

हे मी बायांना माझ्या पद्धतीने, सावकाश समजावून सांगत होतो. निम्म्यात सखूबाईने हात जोडले. "बाय वं, कोनी तरी आप्पासले त्या बटनवर ठेवा!"

*

आता हिराबाईचं सांगतो. तिचा एकुलता एक मुलगा रवींद्र सुरतेला हॉटेलात स्वयंपाक शिकला आणि त्याला मालजहाजावर नोकरी लागली. नऊ महिने समुद्रात. हिराबाईने त्याच्याशी बोलणंच टाकलं. भाकरी वाढायची, पण शब्द नाही. पथारीवर मात्र कॅप्टनशी बोलायची. "जेवी ले रे भो!" "रात्री उघडा नको झोपू!"

मग शिकून घरी आलेल्या कॅप्टनचा यान घेऊन निघायचा दिवस आला. आईने दही दिलं. तो दारात वळला आणि म्हणाला, "आई, जातो मी."

पथारीवर एकच कालवा! आमच्याकडे घरातून निघताना 'जातो', अहिराणीत 'जास', म्हणत नाहीत. 'येतो', 'येस' म्हणायचं, म्हणजे माणूस परत येतो.

"आते समजनं," सखूबाई म्हणाली, "त्यानं यान काबर परत उनं नही!"

हिराबाई म्हणाली, "आप्पा, मांगे ल्या." मी मागे घेतलं. "आई, जातो मी." पुन्हा घेतलं. तीनदा घेतलं. तीनदा तो 'जातो'च म्हणाला.

"बंद करा," हिराबाई म्हणाली. "त्याले उंबरा वलांडू देऊ नका."

मी बंद केलं. बायांनी विनवण्या केल्या. शेठ रोज अकराला यायचे.

"अजून दारातच?"

"दारातच."

मान हलवून परत जायचे. असे आठ दिवस गेले.

*

नवव्या दिवशी दुपारी रवींद्र पथारीवर आला. खांद्यावर बॅग, सुरतेच्या गाडीला अर्धा तास. हिराबाईने वर पाहिलं नाही. देठ खुडत राहिली.

त्याने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग हळूच म्हणाला, "माय, मी जास."

चाळीस बायांचे हात थांबले. आणि मग सगळ्या एकदम ओरडल्या, "येस म्हन!"

फाटकातलं कुत्रं पळालं. शेठ ऑफिसातून बाहेर आले. रवींद्रला कळेना काय झालं. "येस," तो म्हणाला. "येस, माय. येस!"

हिराबाई उठली. त्याच्या तोंडावरून हात फिरवायला गेली आणि मध्येच थांबली. दिवसभराची मिरची हाताला होती. मग तिने हात दूर धरले आणि कोपराने त्याच्या डोक्यावरून, गालावरून फिरवलं. दोनदा.

"टायमावर जेवत जाय," म्हणाली. अबोला धरल्यापासूनचा त्याच्याशी पहिला शब्द.

तो फाटकाबाहेर गेला. रिक्षा रस्त्याला लागेपर्यंत ती उभी होती. मग खाली बसली, मूठभर मिरची पुढ्यात ओढली, आणि वर न बघता मला म्हणाली,

"आप्पा, मशीन लावा. त्या बिचाराले कितला दिन दारमा उभा ठेवशात?"