‘आई मो’ : ओसाकात भेटलेले उमेदवार

“ताई, येणार असशील तर यंदाच ये. पुढच्या वर्षी कागदपत्रं वेगळी लागतील,” मृणाल फोनवर म्हणाली. मला वाटलं, व्हिसाचे नियम बदलत असतील. मी तिकीट काढलं.

मृणाल माझी धाकटी बहीण. नवरा आणि दोन वर्षांच्या लेकीला, मीराला, घेऊन आठ वर्षांपूर्वी ओसाकाला गेली. तिथल्या विद्यापीठात ती युरोपीय संघाच्या विस्तारावर संशोधन करते. कोणत्या देशाला आत घेतात, कुणाला ताटकळत ठेवतात, आणि या ताटकळण्यात कुणाचा फायदा होतो, असा तो विषय. विस्तार म्हटलं की मला आपलं मंत्रिमंडळच आठवतं, असं मी तिला दर वेळी चिडवते.

नातेवाइकांकडे जाणार असाल तर व्हिसासाठी तिकडून निमंत्रणपत्र आणि रहिवासाचा दाखला मागवा, आणि नात्याचा पुरावा जोडा. मी आम्हा दोघींचे जन्मदाखले जोडले. दोन्हींवर आईचं नाव एकच, सुनंदा. एवढं पुरलं. मृणालने मात्र गेल्या वर्षी आईबाबांच्या लग्नाचा दाखलाही मागवून घेतला होता. कशाला, ते मी विचारलं नव्हतं. आम्ही बहिणी एकमेकींना फार विचारत नाही. त्यालाच प्रेम समजतो.

पहिली रात्र टोकियोत, ओजिमातल्या एका मराठी कुटुंबाकडे काढली. तिथे तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं, तेव्हा सामानात डाळ भरून नेऊ नका. मी नेली होती. सकाळी पोहे खाऊन शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडली. ओसाकापर्यंत साधारण चौदा हजार येन आणि अडीच तास. शाकाहारी असाल तर दुकानातली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घेताना आंबट उमेबोशीची, खारवलेल्या आलुबुखाराची, बघून घ्या. नूडल्सच्या नुसत्या रश्शातही मासा असतो.

ओसाकात मृणालच्या घरी कचऱ्याचे पाच डबे होते. मी केळ्याचं साल प्लास्टिकच्या डब्यात टाकलं, तर मीराने ते उचलून योग्य जागी ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला शाळेतल्या बाई आठवल्या. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, मृणाल मध्ये मराठी करून सांगते. माझी भाची, आणि आमच्यात दुभाषी. हा पहिला धक्का. तो मी पचवला.

चौथ्या दिवशी रविवार होता. मृणालचा नवरा कंपनीच्या कामाला नागोयाला गेलेला. आम्ही तिघी आणि मृणालचा सहकारी बोयान असे वाकायामाच्या डोंगरांकडे निघालो. ओसाकातल्या नाम्बा स्टेशनहून खाजगी रेल्वेने तासाभराचा प्रवास, हजार येनच्या आत. नोव्हेंबरात जाणार असाल तर हाच रस्ता धरा. रुळाच्या दोन्ही बाजूंना काकी या टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या गोड फळाची झाडं केशरी झालेली असतात.

बोयान उत्तर मॅसेडोनियाचा. उंच, जरा वाकून चालणारा, पस्तिशीचा. मला इंग्रजीत म्हणाला, “मी शाळेत होतो तेव्हा आमचा देश युरोपीय संघाचा उमेदवार झाला. अजून उमेदवारच आहे.”

“एवढी वर्षं? परीक्षा नापास झालात का?”

“आधी दक्षिणेचा शेजारी म्हणाला, तुमच्या देशाचं नाव आमच्या प्रांताचं आहे, ते बदला. आम्ही नाव बदललं. मग पूर्वेचा शेजारी बल्गेरिया म्हणाला, तुमची भाषा म्हणजे आमचीच बोली. आता राज्यघटना बदला म्हणतात.”

देशाने नाव बदललं, हे मी वर्तमानपत्रात वाचलं असणार. पण ज्याचं नाव बदललं तो माणूस समोर बसून काकी सोलत होता.

“हाऊसिंग सोसायटी आहे ही,” मृणाल म्हणाली. “नवा सभासद घ्यायला प्रत्येकाची सही लागते. तिसऱ्या मजल्यावरचा अडून बसला, की संपलं.”

स्टेशनवरून गावात चढून गेलो. निम्मी घरं बंद. अंगणांतल्या काकी तोडायला कुणी नाही, जमिनीवर फळांचा चिखल झालेला. मी हळहळले. बोयान मात्र घरी आल्यासारखा फिरत होता.

“आमचं गाव असंच आहे,” तो म्हणाला. “फक्त इथली माणसं म्हातारी होऊन गेली. आमची तरुणपणीच जर्मनीला गेली. माझ्या भावाने पूर्वज बल्गेरियन होते असं लिहून देऊन बल्गेरियाचा पासपोर्ट घेतला. आता जर्मनीत ट्रक चालवतो. आई म्हणते, देश रांगेत उभा आहे, मुलं पोहोचली.”

युरोपच्या कंपन्या आधीच आमच्याकडे आल्या, असं तो सांगत होता. गाड्यांच्या तारा जोडायचे कारखाने निघाले, दुकानं आली, दूध कसं साठवायचं याचे नियम आले. नियम आम्ही आजच पाळायचे, पण ते ठरवतात त्या टेबलाशी आमची खुर्ची नाही. हे तो तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. गाडीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होता. त्यानेच मी जास्त हादरले.

देवळाच्या पायऱ्यांवर डबे उघडले. वातावरण हलकं करावं म्हणून मी मृणालला मराठीत म्हटलं, “थोडक्यात, बिचारे गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेत.”

“काय म्हणाल्या?” बोयानने विचारलं.

“काही नाही,” मृणाल म्हणाली. पण मीराला वाक्य भलतंच आवडलं. तिने शब्दशः इंग्रजी करून सांगितलं, की लग्नाचा मुकुट यांनी गुडघ्यावर बांधलाय.

बोयान मोठ्याने हसला. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “मृणाल-सान, हा बांधून माणूस किती वर्षं बसू शकतो?”

मृणाल हसली नाही. मीरा मात्र रंगात आली होती. तिने आईकडे बोट दाखवून म्हटलं, “आई मो.”

“मो म्हणजे काय गं?” मी विचारलं.

मीराने पहिल्यांदाच मला सरळ मराठीत उत्तर दिलं. “मो म्हणजे पण. म्हणजे आईपण उमेदवार आहे. जपानची. आम्ही सगळे.”

मृणाल चॉपस्टिक पुसत राहिली. बोयान पाण्याच्या बाटल्या भरायला उठून गेला.

“अर्ज केलाय,” ती म्हणाली. “भारताचा पासपोर्ट परत करावा लागेल. तुला इथे आल्यावर सांगणार होते.”

“आईला?”

“ते तू सांग. माझ्याच्याने होणार नाही.”

लग्नाचा दाखला मी तीन चकरा मारून मिळवला होता. म्हणजे त्या अर्जाला हातभार मीच लावला होता. “कायम राहण्याचा परवाना मिळतो ना? तो घे की.”

“परवाना घेतला तरी मी पाहुणीच. आठ वर्षं इथले नियम पाळतेय, कर भरतेय. नियम ठरतात तिथे मला हात वर करायचाय. आयुष्यभर उमेदवार देशांवर लिहिलं, ताई. त्यांना जे कळतं ते मला कळायला नको?” थोडं थांबून ती म्हणाली, “नावही नव्याने नोंदवायचंय. मृणाल तेच ठेवतेय. आडनाव सोडतेय. इथे कुणाच्या तोंडी बसत नाही ते, म्हणून इथलं एक घेतेय.”

आम्ही दोघींनी लग्नानंतरही न बदललेलं आडनाव. बाबांचं. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. मीराने शेजारी येऊन माझ्या हातात एक काकी ठेवली. सोललेली होती.

उरलेले दिवस आम्ही छान घालवले. भांडलो नाही. किल्ला पाहिला, कोबीच्या धिरड्यासारखी ओकोनोमियाकी खाल्ली. वरची माशाची पूड नको म्हणून आधी सांगा. पण मी प्रत्येक गोष्टीकडे मृणालचा देश म्हणून पाहत होते आणि प्रत्येक वेळी नव्याने दचकत होते.

पुण्याला परतल्यावर दोन दिवस मी आईला फक्त काकी आणि कचऱ्याच्या डब्यांबद्दल सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती कोथिंबीर निवडत होती, तेव्हा एका दमात सगळं सांगून टाकलं. ती रडेल, बाबांच्या फोटोकडे बघेल, अशी मी तयारी ठेवली होती.

तिने विचारलं, “नाव काय ठेवतेय?”

“मृणालच. आडनाव सोडतेय.”

“कुणी ठरवलं?”

“तिनेच.”

आईने पिवळी पानं बाजूला केली. “मी प्रभा होते. लग्नात तांदळावर सुनंदा लिहिलं, तेव्हा ते मला वाचून कळलं. मामा प्रभे म्हणतो ना मला, तो काय लाडाने?”

तो लाडाने म्हणतो असंच मला वाटत होतं. शेहेचाळीस वर्षांची आहे मी. दोन जन्मदाखले आणि एक लग्नाचा दाखला हातात घेऊन फिरले, आणि त्यातल्या एकाही कागदावर तिचं पहिलं नाव नव्हतं, हे मला कधी दिसलं नव्हतं.

“मग सवय व्हायला किती वर्षं लागली?” मी विचारलं.

“तिला फोन लाव,” आई म्हणाली. “तिला सांगते.”

मी फोन लावला. पलीकडे मीराने उचलला. आईने हात पदराला पुसले, आणि मी मीराला तिच्या भाषेतला मला येणारा एकुलता एक शब्द वापरून सांगितलं, “आजी मो.”