समासातला दीडशहाणा

माझ्या मावशीने आयुष्यात एकाच माणसाचा मनापासून द्वेष केला, पण तो मात्र शेवटपर्यंत निष्ठेने केला.

मावशीने लग्न केलं नव्हतं. ती आमच्याकडेच राहायची. छापखान्यात मुद्रितं तपासायची, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायची. लांबट खोली, एकच खिडकी, डुगडुगणारं टेबल, आणि मावशीच्या कानामागे लाल पेन. बावीस वर्षं हेच.

मालकांनी इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ देणारा कोश काढायचं ठरवलं आणि संपादक म्हणून स्वतःच्या मेहुण्याला आणून बसवलं. तोंडावर त्याला सगळे साहेब म्हणत, पाठीमागे सर्वज्ञ. यंत्र चालवणाऱ्याला तो शाई किती पातळ हवी ते सांगे, झाडूवालीला झाडू कसा धरावा ते सांगे. मावशीला तर रोजच ऐकवी, "बाई, तुम्ही काना-मात्रा बघा. अर्थाचं माझ्यावर सोडा."

घरी आली की मावशी भांडी आपटायची.

"उथळ पाण्याला खळखळाट फार," आई समजूत काढायची. "सोडून दे."

"पाणी कुठाय त्यात? नुसताच खळखळाट!"

कोश विषयवार होता. एके दिवशी माणसांच्या स्वभावांचं पान तपासायला आलं. त्यात सगळं आपल्यालाच कळतं अशा तोऱ्यात वावरणाऱ्या माणसांसाठीचे इंग्रजी शब्द एकाखाली एक होते. अर्थ सर्वज्ञाने जातीने लिहिलेले, खाली त्याची झोकदार सही. 'नो-इट-ऑल' म्हणजे महाज्ञानी पुरुष. 'स्मार्ट अ‍ॅलेक' म्हणजे अ‍ॅलेक नावाचा हुशार गृहस्थ. 'वाइजएकर' म्हणजे उत्तम कसलेली एक एकर जमीन.

मावशी आधी खो खो हसली. मग तिच्या मनात आलं, हे उद्या पोरं पाठ करणार. तिने कपाटातला जाडजूड जुना कोश काढून खात्री केली, तिन्ही अर्थ खोडले आणि पानाच्या कडेच्या समासात लाल शाईने लिहिलं: अतिशहाणा. आगाऊ. दीडशहाणा.

दुपारी सर्वज्ञ तो कागद नाचवत मालकांच्या खोलीत शिरला. मावशीला बोलावणं आलं.

"माझ्या सहीशेजारी शिव्या लिहिल्यात हिने! मला दीडशहाणा म्हणते!"

"तुम्हाला कुठे म्हटलं?" मावशी म्हणाली. "त्या शब्दाचा अर्थ आहे तो."

"वाइज म्हणजे शहाणा, एकर म्हणजे एकर. आता तुम्ही मला इंग्रजी शिकवणार?"

मालकांनी जुना कोश मागवला. ओळीवरून बोट फिरवत एकदा वाचलं, दोनदा वाचलं. "बाईंचं बरोबर आहे," ते पुटपुटले.

"मग हा कोशच चुकलाय," सर्वज्ञ म्हणाला.

दाराशी घुटमळणारा यंत्रवाला फिस्सकन हसला. त्याच्यामागचे दोघेही हसले. सर्वज्ञाचे कान लालभडक झाले.

तो तणतणत निघून गेल्यावर मालक म्हणाले, "अर्थ तुमचेच छापू. पण माफी मागून टाका, बाई. घरचा माणूस आहे."

"माफी कशाची?"

"चारचौघांत हसं झालं ना त्याचं."

"ते त्यांनीच करून घेतलं."

माफी तिने मागितली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या टेबलावर कोशाऐवजी औषधांच्या खोक्यांवरचे मजकूर येऊ लागले.

कोश निघाला. त्या पानावर अर्थ मावशीचे, मुखपृष्ठावर नाव सर्वज्ञाचं. प्रकाशनाच्या सभेत त्याने नेमकं तेच पान उघडलं आणि असे नाजूक अर्थ आपण किती मेहनतीने शोधून काढले, ते पंधरा मिनिटं सांगितलं. मावशी तिसऱ्या रांगेत होती. ती उठली, खुर्ची मुद्दाम खरखरत मागे सारली आणि सगळ्यांसमोरून बाहेर पडली. महिन्याभरात तिने दुसरा छापखाना धरला.

सहा वर्षांनी मालक आमच्या घरी आले. कोशाची दुसरी आवृत्ती काढायची होती आणि तपासायला मावशीच हवी होती.

"त्याला संपादकाच्या खुर्चीवरून उठवा, उद्या येते," मावशी म्हणाली.

"मेहुण्याला कसं सांगू, बाई?"

"मग मी कशी येऊ?"

मालक चहा न घेताच गेले. मला वाटलं, मावशी आता खूश होईल. ती दाराची कडी हातात धरून उभीच राहिली.

"कोशासारखं काम मला पुन्हा नाही गं मिळालं," ती म्हणाली. "मेल्याने तेवढंही खाल्लं."