उमरीनं दूध घेतलं का?

दवाखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाकडं किस्से कसे साठतात, विचारू नका. एप्रनच्या खिशात पेनांची टोपणं जमतात ना, तसेच. कुठून आली माहीत नाही, आणि फेकवत तर अजिबात नाहीत! आमच्याकडं जरा जास्तच साठले, कारण आमचा विभागच तसा. नांदेडला, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचा. मी मूळची लातूरची. डॉक्टर व्हायचं म्हणून दोन वर्षं क्लास लावले, झाले नर्स, आणि आता या बाळांवर चाललेल्या संशोधनाचं काम बघते. संशोधन म्हटलं की माझ्या भावाला अजूनही वाटतं, आम्ही उंदरांना इंजेक्शनं देतो.

ही बाळं इतकी लहान असतात की घरचे नाव ठेवायला धजत नाहीत. मग आम्ही त्यांना गावाच्या नावानं ओळखतो. हदगाव, उदगीर, उमरी. त्यातली उमरी सगळ्यात लहान. तिला श्वास घ्यायचं विसरायची खोड होती. झोपेत विसरायची, मशीन ओरडायचं, आम्ही तळपाय चोळला की तिला आठवायचं. तिची आई सविता बाळंतपणात झटके येऊन बेशुद्ध, पलीकडच्या इमारतीत. त्यामुळं ड्युटीवर असो की घरी, आमचा सगळ्यांचा जीव उमरीत अडकलेला.

एकदा मी एसटीनं लातूरला निघाले होते. वॉर्डातून फोन आला. मी आपली मोठ्यानं विचारतेय, "उमरीनं दूध घेतलं का? हदगावचे जुलाब थांबले का? काय, उदगीरला उलटी झाली? अगं बाई!"

शेजारी बसलेले काका पांढरे पडले. "ताई, पाण्यातनं काय आलंय का वो? माझी लेक हदगावला दिलीय!"

अहमदपूर येईपर्यंत मी त्यांची समजूत घालत होते. तरी उतरताना त्यांनी लेकीला फोन लावलाच, "पाणी उकळून पी माय, दवाखान्यातल्या बाईनं सांगितलंय!"

*

आमच्या विभागप्रमुख मॅडमचं संशोधन सांगायला सोपं आहे. आईच्या उघड्या छातीवर बाळ ठेवलं की त्याला ऊब मिळते, श्वास नीट चालतो, हे आता जगाला माहीत आहे. पण आईच आजारी असली तर? बापाची छाती चालते का? आजीची? काकाची? मॅडम म्हणाल्या, अंदाज नको, मोजून बघू.

नियमही सोपे. घरचंच माणूस पाहिजे, अंघोळ केलेलं पाहिजे, सर्दी-खोकला नको, आणि एकदा बसलं की तासभर बसायचं. बाळाला सारखं इकडून तिकडं केलेलं सोसत नाही. बाळ छातीवर टेकलं रे टेकलं, की मॅडम मनगटावरच्या घड्याळात बघणार आणि म्हणणार, "एक तास कुणी हलायचं नाही!" ही सवय इतकी मुरलेली की हे ऐकून कोपऱ्यात पोछा मारणाऱ्या मावशीसुद्धा जागच्या जागी थांबायच्या.

नातेवाइकांना समजावून सांगायचं काम डॉ. नदीम यांचं. नांदेडचेच. वडिलांचं जुन्या गावात शिलाईचं दुकान, त्यामुळं शर्टाच्या बाबतीत भलते नाजूक. इस्त्री मोडेल म्हणून खुर्चीला पाठ टेकत नाहीत!

पहिल्या दिवशी ते हदगावच्या बापाला म्हणाले, "शर्ट काढा." कापूस-सोयाबीनवाला गडी. त्यानं शर्ट काढला, जीभ बाहेर काढली, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "डॉक्टरसाब, मला काय बी झालं न्हाई. बिमार लेकरू हाय!"

शेवटी बसला. लेकरू छातीवर आलं आणि हा रांगडा माणूस इतका हळू श्वास घ्यायला लागला की डॉ. नदीमना त्याचीच काळजी वाटली. तेवढ्यात फोन वाजला. गावाकडून कुणीतरी बाजारातला भाव विचारत होतं. हा कुजबुजला, "आत्ता बोलता येत न्हाई. छातीवर साहेब झोपलेत."

*

उदगीरच्या बाळाचे आजोबा लिंगायत, भुसार मालाचे व्यापारी. सुनेला ताप, मुलगा परगावी, म्हणून स्वतःच बसायला तयार झाले. मी म्हटलं, "आजोबा, गळ्यातलं काढून ठेवा, बाळाला टोचेल." गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी होती, बरोबर छातीच्या मधोमध.

आजोबांनी डबीवर हात ठेवला. "ताई, हे इष्टलिंग हाय. हे काढायचं नसतंय. अंघोळीला बी अंगावरच असतंय."

माझी पंचाईत. बाळाची जागा तीच, देवाचीही जागा तीच. मॅडम पुढं आल्या. डबी निर्जंतुक करू का, एवढंच त्यांनी विचारलं. आजोबा म्हणाले, "करा की. रोज पाण्याचा अभिषेक असतोय, आज दवाखान्याचा." मग त्यांनी डोळे मिटले, डबी हळूच खांद्याकडं सरकवली आणि म्हणाले, "महादेवा, जरा तिकडं सरका. लेकराला जागा द्या."

महादेव सरकले! बाळ घरी जाईपर्यंत दोघं शेजारी शेजारी होते.

*

लातूरच्या बाळाला त्याची मावशी मिळाली. ही मावशी क्लासला होती, मेडिकलची परीक्षा तोंडावर. बाळ छातीवर, पुस्तक समोरच्या स्टँडवर, आणि तोंडानं अखंड पाठांतर. हृदयाचे कप्पे, रक्ताभिसरण, सगळं त्या बाळाच्या डोक्यावर. बाळाचं वजनही छान वाढत गेलं. मी दोन वर्षं क्लासला जाऊन झोपले नसेन इतकं ते बाळ त्या पाठांतरात गाढ झोपायचं.

बाळाला घरी सोडायच्या दिवशी मॅडम मावशीला म्हणाल्या, "तुझा नंबर लागेल की नाही सांगता येत नाही. याचा मात्र फिक्स!"

*

आता उमरीचं सांगते.

तिचा बाप बालाजी रोज तिला घेऊन बसायचा. सुरुवातीला फार घाबरायचा, मग सरावला. तो बसला की मशीन गप्प राहायचं, हे आम्ही सगळे बघत होतो. एका दुपारी पलीकडच्या इमारतीतून निरोप आला, सविताची तब्येत बिघडलीय, रक्त लागणार, नवऱ्याला लगेच पाठवा. बालाजीनं लेकरू माझ्या हातात दिलं. दारापर्यंत गेला आणि परत फिरला. "ताई, आता हिला कोण घेणार?"

आजी होती, पण खोकत होती. तिला आम्हीच आत येऊ देत नव्हतो. सविताला भाऊ नाही. मी म्हटलं, "तुम्ही जा, आम्ही आहोत." म्हटलं खरं, पण मनातून मी घाबरले होते. उमरीला उबेच्या काचपेटीत ठेवलं. ऊब होती, औषध चालू होतं, तरी मशीन ओरडलं. तळपाय चोळला, श्वास सुरू झाला. थोड्या वेळानं परत ओरडलं. माझ्याकडं बाकीचीही बाळं होती.

डॉ. नदीम हात धुऊन आले. शर्ट काढला आणि घडी न घालता खुर्चीवर फेकला. त्यांचा शर्ट असा चुरगळलेला मी पहिल्यांदाच बघत होते. "सिस्टर, द्या इकडं," ते म्हणाले.

उमरी त्यांच्या छातीवर गेली. आम्ही दोघं मशीनकडं बघत होतो. हळूहळू ते गप्प झालं आणि गप्पच राहिलं.

नेमक्या तेव्हाच मॅडम राउंडला आल्या. डॉक्टर उघडे, छातीवर बाळ!

"डॉक्टर, आपला नियम काय आहे?"

"घरचंच माणूस पाहिजे, मॅडम."

"मग तुमचं नातं काय?"

डॉ. नदीम जागचे हलले नाहीत. हलायचं नसतंच. म्हणाले, "मामा, मॅडम. आत्तापासून."

नियम त्यांनीच केलेला, आणि आकड्यांच्या बाबतीत त्या सख्ख्या भावाचंही ऐकायच्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "उमरी संशोधनातून बाद."

मी उमरीला परत घ्यायला हात पुढं केले.

"छातीवरून नाही," मॅडम म्हणाल्या, आणि घड्याळात बघितलं. "एक तास कुणी हलायचं नाही!"

पुढचे कितीतरी दिवस बालाजी बायकोकडं असला की मामा उमरीकडं असायचे. सविता वाचली. व्हीलचेअरवरून पहिल्यांदा आमच्या वॉर्डात आली तेव्हा बालाजीनं तिला सगळं सांगून ठेवलेलं. तिनं लेकरू छातीशी घेतलं, डॉ. नदीमकडं बघितलं आणि तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, "दादा."

*

संशोधन पुरं झालं. बापाची, आजी-आजोबांची, मावशीची छाती चालते, चांगली चालते, हे मॅडमनी मोजून दाखवलं. मोठ्या शहरातल्या परिषदेत त्यांना बोलायला बोलावलं. मी आणि डॉ. नदीम लॅपटॉप सांभाळायला मागच्या रांगेत.

एक सूटवाले डॉक्टर उठले. "मॅडम, तुमच्या त्या भागात एवढं मनुष्यबळ कुठून आणलं?"

मॅडम म्हणाल्या, "सर, आमच्याकडं एका पेशंटमागं ट्रॅक्टर भरून नातेवाईक येतात. आधी आम्ही त्यांना बाहेर काढत होतो. आता शर्ट काढायला लावतो!"

हॉल हसून हसून थकला. दुसऱ्या एका डॉक्टरांनी विचारलं, "एक बाळ वगळलेलं दिसतंय. कारण काय?"

मॅडमनी मागच्या रांगेकडं बघितलं. "त्याला मधेच मामा मिळाला."

टाळ्या वाजल्या. कारण कुणाला कळलं नव्हतं, पण वाजल्या! मी आयुष्यात परीक्षांमध्ये पास-नापास बरंच झाले, पण एवढ्या ताठ मानेनं कुठल्याच हॉलमधून बाहेर पडले नव्हते.

*

वर्षभरानं बालाजीचा फोन आला. "ताई, लेकीचं जावळ काढायचंय. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतंय. मामाला घेऊन या. मॅडमला बी."

आम्ही तिघं उमरीला गेलो. गाडीतून उतरल्या उतरल्या मी सवयीनं विचारलं, "उमरी कुठंय?" पारावरचे एक म्हातारे बाबा माझ्याकडं बघतच राहिले. "माय, हीच की उमरी!"

दारात मांडव, मधोमध पाट. डॉ. नदीमच्या अंगावर वडिलांनी शिवलेला नवा कोरा पांढरा शर्ट, हातात भाचीसाठी वडिलांनीच शिवलेला फ्रॉक. बालाजीनं मामाला टॉवेल-टोपीचा आहेर केला. मामा पाटावर बसले, भाची मांडीवर आली, आणि न्हाव्यानं वस्तरा काढल्याबरोबर तिनं जो टाहो फोडला! पाय झाडते, मान फिरवते, कुणाच्या हाती लागेना. आजीनं खुळखुळा वाजवला. बालाजीनं कावळा दाखवला. न्हावी म्हणाला, "असं हललं तर वस्तरा लागंल बगा."

पलीकडून सविता सगळं बघत होती. भरल्या मांडवात ती मोठ्यानं म्हणाली, "दादा, ती तसं न्हाई ऐकायची. बटणं काढा की!"

डॉ. नदीमनी नव्या शर्टाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि एकेक करत बटणं काढली. पोरगी हुंदके देत पुढं सरकली, त्यांच्या उघड्या छातीवर कान टेकवला आणि डोळे मिटले.

मॅडमनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "एक तास कुणी हलायचं नाही!"

न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला.